तीन किलोमीटरचा आख्खा दिवस: सोलापूरच्या घराने देवरिया ताल कसा चढावा

उत्तराखंडातल्या सारी गावातून देवरिया ताल हा डोंगरावरचा तलाव जेमतेम तीन किलोमीटर. धडधाकट पोरं दीड तासात चढतात, तासाभरात उतरतात. आम्ही सकाळी सातला निघालो आणि दुपारी चारला परत गावात आलो. घरात एक अज्जी, एक चार वर्षांचं पोर आणि गुडघा धरून बसणारा एक नवरा असेल तर तुम्हीही तेवढाच वेळ धरा. अर्ध्या दिवसात उरकून पुढे चोपता या ठिकाणी पळणाऱ्या गाड्या आम्ही पाहिल्या. त्यातली म्हातारी माणसं खाली गाडीतच बसून होती.

आम्ही सोलापुरात बाळीवेशीत राहतो. कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून विकणं हा माझा धंदा, त्यामुळे डोंगर हा काही माझा विषय नव्हे. गेलो ते सासूबाईंमुळे. वीरशैवांच्या पाच पीठांपैकी केदारपीठ उखीमठला आहे, केदारनाथाचे रावळ, म्हणजे मुख्य पुजारी, तेही दक्षिणेतले वीरशैव असतात, हे आमच्या घरात लहानपणापासून कानावर पडलेलं. सासूबाईंना तिथे जायचं होतं, पण गौरीकुंडावरून केदारनाथची सोळा किलोमीटरच्या वरची चाल अडुसष्टाव्या वर्षी झेपणारी नव्हती. मग कळलं की भाऊबीजेला केदारनाथचे दरवाजे बंद होतात आणि देवाची डोली खाली उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात हिवाळ्यासाठी येते. सासूबाई म्हणाल्या, "देवच खाली येतोय की. मग आपण कशाला वर जायचं?" देवरिया ताल त्याच भागात, तोही गाठायचा असं मुलीने ठरवलं. तिने शाळेत कुठेतरी चौखंबा शिखराचा फोटो पाहिला होता, खाली पाण्यात उलटं प्रतिबिंब.

एकूण आठजण. मी, नवरा, सासूबाई, तेरा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा, दीर, जाऊबाई आणि त्यांची चार वर्षांची चिमणी.

कधी जायचं

दिवाळीची सुट्टी. दुसरा विचार करू नका. एप्रिल-मे मध्येही जाता येतं, मार्च-एप्रिलला तिकडे बुरांशची लाल फुलं असतात म्हणे, पण मुलांच्या परीक्षा आणि पुढे यात्रेची गर्दी. जुलै-ऑगस्टला त्या रस्त्यांवर दरडी कोसळतात. जानेवारीत बर्फ. दिवाळीनंतर मात्र आकाश धुतल्यासारखं असतं आणि थंडी सोसवते.

आमचा हिशोब असा होता. पाडव्याला सकाळी सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेस. भाऊबीज रेल्वेतच, दिल्ली यायच्या आधी. मुलीने भावाला वरच्या बर्थवर बसवून ओवाळलं, निरांजन पेटवायचं नाही म्हणून ताटात मोबाइलची बॅटरी लावून. त्या रात्री हरिद्वार, दुसऱ्या दिवशी गाडी करून सारी. तिसऱ्या दिवशी उखीमठला डोली पाहिली. ती भाऊबीजेला निघून वाटेत दोन मुक्काम करते आणि मग पोहोचते, म्हणून आम्हाला गाठता आली. चौथ्या दिवशी चढ. चढाच्या आधी दोन रात्री डोंगरात निघाल्या हे देवामुळे झालं, पण देवाचं काम नसेल तरी या दोन रात्री ठेवा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, सारी सुमारे दोन हजार, तलाव २४३८. उंचीचा खरा त्रास साधारण अडीच हजारांच्या वर सुरू होतो, तेव्हा आपण त्याच्या जरासे अलीकडेच राहतो. तरी रेल्वेतून उतरलं की लगेच चढायला लागलं असं करू नये. पहिल्या रात्री जाऊबाईंचं डोकं दुखलं, दुसऱ्या रात्री नाही.

वयस्क माणसाला न्यायचं तर डॉक्टरांना "हिमालयात जातोय" एवढंच सांगू नका. आकडा सांगा, २४३८ मीटर, चारशे मीटरचा चढ, एवढे तास. आमच्या डॉक्टरांनी तो आकडा ऐकल्यावर खुर्ची पुढे ओढली आणि बीपीच्या गोळीपासून ईसीजीपर्यंत सगळं नीट पाहिलं.

महिनाभर आधी, जिना

सोलापूरकरांना चालायचं सांगावं लागत नाही. कोजागरीला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर तुळजापूरला चालत जाणारं गाव आहे हे. संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांमागे अडुसष्ट लिंगांना अनवाणी फिरणारी माणसं घरोघरी आहेत. पण ही सगळी चाल सपाटीवरची, फार तर तुळजापूरच्या घाटाची. डोंगरात लागतात ते पाय वेगळे. माझा दीर कोजागरीला न थांबता तुळजापूर गाठतो आणि सारीच्या पहिल्या शंभर पायऱ्यांत त्याचं तोंड उघडं पडलं.

म्हणून जिना. चारशे मीटर चढ म्हणजे साडेसहा इंचाची एक पायरी धरली तर साधारण चोवीसशे पायऱ्या, मजल्यांत मोजलं तर एकशे तीस मजले. ऐकून घाबरू नका, दिवसभरात करायचेत. आमच्या शेजारी चार मजली इमारत आहे. दिवसाआड संध्याकाळी आम्ही तिथे जायचो. पहिल्या आठवड्यात गच्चीपर्यंत तीन फेऱ्या, चौथ्या आठवड्यात पाठीवर पिशवी घेऊन दहा. वॉचमनला वाटलं आमचं कुणाशी तरी भांडण आहे आणि तो माणूस सापडत नाहीये.

उतरताना लिफ्ट घ्यायची नाही. चढाने दम लागतो, पण गुडघे आणि मांड्या जातात त्या उतरणीला, आणि सराव नेमका उतरायचा कुणी करत नाही. सासूबाईंना मात्र जिन्याला जुंपलं नाही. सिद्धेश्वर तलावाभोवती रोज पाऊण तास, आणि आठवड्यातून दोनदा दोन मजले, कठडा धरून, सावकाश. त्यांना एक काठीही दिली आणि ती आधीपासून हातात घेऊन चालायला लावलं. "म्हातारी दिसते मी," म्हणून दोन दिवस रुसल्या. तिसऱ्या दिवशी काठीने कुत्रं हाकललं, मग ती आवडायला लागली.

पायात काय, अंगात काय

नवे बूट प्रवासाच्या आदल्या दिवशी घेऊ नका, हे सगळे सांगतात. जुने बूट माळ्यावरून काढू नका, हे कुणी सांगत नाही. नवऱ्याने आठ-नऊ वर्षांपूर्वीचे चांगले दिसणारे बूट काढले, कधी फारसे घातलेच नव्हते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात माळ्याची भट्टी होते, त्यात तळव्याचा डिंक सुकून गेलेला. सारीच्या वर अर्ध्या तासात उजव्या बुटाने मगरीसारखं तोंड उघडलं. जाऊबाईंच्या पिशवीत परकराची एक जादा नाडी होती, ती बुटाला तीन वेढे देऊन बांधली. नवरा दिवसभर लाल नाडी मिरवत चढला आणि उतरला. तेव्हा जे बूट न्यायचे ते महिनाभर जिन्यावर घालाच, फुटायचे असतील तर बाळीवेशीत फुटू देत. आणि निघायच्या दोन दिवस आधी सगळ्यांची पायाची नखं कापा. उतरताना बोटं पुढे दाबली जातात. मुलाचं एक नख राहून गेलं होतं, ते काळंनिळं होऊन महिन्याने गळलं.

कपड्यांत आपली चूक ठरलेली असते. थंडी म्हटलं की सोलापूरचा माणूस दोन स्वेटर, माकडटोपी आणि मफलर घालून उभा राहतो. सकाळी सातला ते बरंही वाटतं. पंधराव्या मिनिटाला आत घाम, आणि आत जर सुती बनियन असेल तर ते ओलंच राहतं. मग थांबलात की तेच ओलं कापड पाठीला बर्फासारखं लागतं. कापसावर पोट भरणाऱ्या गावात हे बोलणं बरं नव्हे, पण डोंगरात अंगालगत सुती नको. खेळताना घालतात तसला पटकन वाळणारा टी-शर्ट, त्यावर लोकर, त्यावर वारा अडवणारं पातळ जाकीट. निघतानाच थोडी थंडी वाजली पाहिजे. थांबलं की लगेच वरचा कपडा घालायचा, पुन्हा निघताना काढायचा. हे काढ-घाल करायला मुलं कंटाळतात, तिथे आईने खडूस व्हायचं.

आता चादरीचं सांगते. सासूबाईंनी आपली सोलापुरी चादर घेतलीच. मी नको म्हटलं, नवऱ्याने नको म्हटलं. "गवतावर बसायला लागेल," एवढंच त्यांचं म्हणणं. ते खरंच होतं. पण वर गवतावर दव असतं. चादरीने ते टिपून टिपून घेतलं आणि उतरताना ती इतकी जड झाली की दीर आणि नवरा पाळीपाळीने वाहत होते. चादर न्यायची तर खाली पसरायला प्लास्टिकचा मोठा तुकडाही न्या.

घाट

हरिद्वार ते सारी दोनशे किलोमीटरच्या थोडं वर आहे आणि सात-आठ तास लागतात. आपल्या मुलांना घाट म्हणजे तुळजापूरचा, दहा मिनिटांत संपणारा. इथे ऋषिकेश सुटलं की वळणं सुरू होतात ती मुक्कामापर्यंत. सकाळी हरिद्वारला सगळ्यांनी पुरी-भाजी हाणली. देवप्रयागला अलकनंदा आणि भागीरथी एकत्र येतात, दोन रंगांचं पाणी दिसतं, फार सुंदर जागा. आमच्या दोन मुलांनी तिथे सकाळची पुरी परत केली.

तेलकट नको. सुकी कडक भाकरी, केळं, थोडं पाणी. गाडी लागणाऱ्याला पुढच्या सीटवर बसवा, मोबाइल काढून घ्या, आणि डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर निघायच्या आधी द्या, वळणावर आल्यावर तिचा उपयोग नाही. दर दीड तासाला थांबायचं असं ड्रायव्हरशी निघतानाच ठरवा. रुद्रप्रयागला अलकनंदा सोडून मंदाकिनीच्या काठाने वर जायचं, कुंडला वळून उखीमठ, तिथून चोपत्याच्या रस्त्यावर मस्तुरापाशी सारीचा फाटा. पैसे उखीमठलाच काढून ठेवा. सारीत घरगुती मुक्कामाची सोय आहे, पण फोनवरून पैसे जातील या भरवशावर राहू नका.

चढाचा दिवस

आदल्या रात्री दोन कामं करायची. एक, पाणी भरून ठेवायचं, मोठ्यांना दीड लिटर, मुलांना एक. वाटेत आणि वर चहा-मॅगीच्या टपऱ्या लागतात, पण हंगाम सरत आला की त्या उघड्या असतीलच असं नाही. दोन, घरमालकिणीला विचारून खच्चरवाल्याशी बोलून ठेवायचं. आम्ही बोललो आणि घेतलं नाही, पण लागलं तर माणूस आहे एवढ्यानेच सासूबाईंचा जीव हलका झाला. वर जाऊन त्रास झाला तर काय, हा प्रश्न रात्रीच सोडवलेला बरा.

डब्यात कडक भाकरी, शेंगा चटणी, गूळ-शेंगदाणे, आणि पहाटे घरमालकिणीने लाटून दिलेल्या मंडुव्याच्या रोट्या. मंडुवा म्हणजे आपली नाचणीच, सासूबाईंनी पिठाला बोट लावून लगेच ओळखली. चटणी स्टीलच्या डब्यात नेऊ नका. आपली खरी चटणी उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली असते, तिरक्या पिशवीत ते तेल झाकणातून बाहेर येतं. मी धंद्यातली असून माझी पिशवी लाल झाली. तळव्याएवढे भाकरीचे तुकडे करून त्यात चटणी भरून कागदात गुंडाळावी, थांबल्यावर हातात द्यायलाही सोपं.

वाट हरवण्यासारखी नाही. गावातल्या घरांमधून दगडी फरसबंदी वर निघते, ओंकार रत्नेश्वराचं जुनं देऊळ लागतं, मग पायऱ्यापायऱ्यांची शेतं खाली राहतात आणि झाडी सुरू होते. हे केदारनाथ अभयारण्य आहे. वनखात्याची पावती फाडावी लागते, ती जपून ठेवा. कस्तुरीमृगासाठी हे जंगल प्रसिद्ध आहे, पण बिबट्या आणि अस्वलही इथलेच. म्हणून सगळ्यांनी एकत्र राहायचं आणि अंधाराआधी उतरायचं. नोव्हेंबरात तिकडे सूर्य सोलापूरपेक्षा लवकर मावळतो, आणि दरीत तर त्याच्याही आधी काळोख होतो.

चालायचा क्रम हा सगळ्यात महत्त्वाचा. अज्जी सर्वांत पुढे. तिच्या पुढे कुणीही जायचं नाही. सहसा लोक उलटं करतात. पोरं आणि पुरुष पुढे निघतात, वळणावर जाऊन थांबतात, म्हातारं माणूस धापा टाकत तिथवर पोहोचलं की हे ताजेतवाने होऊन उठतात आणि चालू लागतात. म्हणजे विश्रांती कुणाला? ज्याला लागत नाही त्याला. अज्जी पुढे असली की तिला कुणाला गाठायचं नसतं. आमच्या सासूबाई पहिली दहा मिनिटं सारख्या मागे वळून "तुम्ही व्हा पुढे" म्हणत होत्या. कुणीच जाईना म्हटल्यावर त्यांची चाल बसली. छोटी पावलं, काठी, पाऊल, पाऊल. सर्वांत मागे नवरा, लाल नाडीसह. चिमणी वीस मिनिटं पायी आणि मग दहा मिनिटं दिराच्या पाठीवर, जुन्या साडीच्या झोळीत.

नऊ वर्षांच्या पोराला अज्जीच्या मागे धरून ठेवणं हे चढापेक्षा अवघड काम. त्याच्या गळ्यात शिट्टी अडकवली आणि वळणं मोजायचं काम दिलं. दर पाचव्या वळणाला शिट्टी. खेचरं आली की लांब शिट्टी आणि सगळ्यांनी डोंगराच्या बाजूला सरकायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. ही गोष्ट मुलांकडून निघायच्या आधी दोनदा म्हणून घ्या. लादलेलं खेचर माणसाला धक्का देऊन जातं, त्याला कळतही नाही.

वेग बरोबर आहे का हे कसं ओळखायचं? बोलता आलं पाहिजे. आमच्याकडे त्याला तयार मोजमाप होतं. सासूबाईंनी "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" ही आपल्या यात्रेतली आरोळी एका दमात म्हणायची. म्हणता आली तर चालू ठेवायचं, मध्ये तुटली तर थांबायचं. तिसऱ्या वळणाला ती "भक्तलिंग"पाशीच तुटली, दोन मिनिटं काठीवर रेलून उभ्या राहिल्या, पुन्हा म्हटली. वरून उतरणारी दिल्लीकडची चार मुलं थांबून हात जोडून गेली, त्यांना वाटलं इथलाच काही विधी आहे.

साधारण पंधरा मिनिटं चाल, पाच मिनिटं थांबा. छोट्या थांब्याला उभ्यानेच. बसलं की पाय आखडतात आणि उठताना गुडघा बोलतो. बसायचं ते दर तिसऱ्या थांब्याला, दगडावर, जमिनीवर नाही.

मुलं थंडीत पाणी पीत नाहीत. तहानच लागत नाही त्यांना, आणि मग वर जाऊन डोकं दुखतं. याला मुलीने उपाय काढला. यक्षाने युधिष्ठिराला प्रश्न विचारले ती जागा हाच तलाव, असं तिथले लोक सांगतात. सासूबाईंनी रात्री ती गोष्ट सांगितली होती. मुलगी दर थांब्याला दगडावर बसून यक्ष व्हायची. उत्तर दिलं तर दोन घोट पाणी, चुकलं तर चार घोट. मुद्दाम चुकायला लागले सगळे. "सोलापुरात नाही आणि इथे आहे, ते काय?" असा एक प्रश्न होता. धाकटा म्हणाला, चढ. चिमणी म्हणाली, खेचर. सासूबाई म्हणाल्या, "घाम येतोय पण चिकटत नाही, ते." यक्षाने त्यांना पूर्ण गुण दिले आणि तरीही चार घोट पाजले.

आणि वाटेत कुणाला "किती राहिलं?" विचारू नका. डोंगरातल्या माणसाचं "बस, थोड़ा सा" म्हणजे पाऊण तास. त्यांच्या दृष्टीने ते खरंच असतं.

नैसर्गिक विधीचं बायकांनी आधीच ठरवावं. सकाळी घरून निघताना सगळ्यांनी जाऊन यायचंच. वाटेत वेळ आलीच तर पाण्यापासून आणि वाटेपासून दूर, आणि कागद वगैरे पिशवीत घालून परत खाली. मुलांच्या बिस्किटाचे कागदही त्याच पिशवीत. ती पिशवी नवऱ्याकडे द्यावी, मागे चालणाऱ्याला काहीतरी काम हवं.

तलाव

अकराच्या सुमारास झाडी संपली, गवताळ मैदान आलं, आणि खाली तलाव. मुलगा धावत कडेला गेला, एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे, आणि म्हणाला, "एवढंच?"

हे ऐकायची तयारी ठेवा. देवरिया ताल लहान आहे. आपल्या सिद्धेश्वर तलावापुढे ते पोरगं वाटेल. फोटोत चौखंबा पाण्यात उतरलेला दिसतो, तो पहाटे, वारा नसताना. चौखंबा सात हजार एकशे अडतीस मीटर उंच आहे आणि समोर उभा असतो, पण अकरा वाजता वाऱ्याने पाण्यावर बारीक सुरकुत्या पडलेल्या. त्या प्रतिबिंबासाठी पहाटे चारला म्हातारं माणूस अंधारातून चढवावं असं मला वाटत नाही.

त्यापेक्षा बसा. लोक वीस मिनिटांत फोटो काढून निघतात, आम्ही तीन तास बसलो. चादर पसरली, भाकरी खाल्ली, चिमणी उन्हात झोपली. तलावाला सावकाश एक चक्कर मारली. पाण्यात पाय धुवायचे नाहीत, ताट धुवायचं नाही, हे मुलांना सांगितलं. चक्कर मारताना मुलगा अचानक थांबला. वारा पडला होता. पाण्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात, झाडांच्या सावलीच्या कडेला, पांढरा एक तुकडा स्थिर झाला, त्याला खाच दिसली, मग दुसरी बाजू. शिखराचा वरचा भाग असेल, पूर्ण नाही. आम्ही अज्जीला हाक मारेपर्यंत पुन्हा सुरकुत्या आल्या. त्या म्हणाल्या, "राहू दे, खरा दिसतोय की समोर." आणि त्याच्याकडे पाहत गूळ खात बसल्या.

दुपारी ढग येतात. दोन वाजता उठायचं म्हणजे दोन वाजता. आमच्याकडे कुणालाच उठायचं नव्हतं, पण घड्याळ मी धरलं होतं.

उतरताना

उतरताना क्रम थोडा बदला. अज्जी पुढेच, पण तिच्या एक पाऊल पुढे, दरीच्या बाजूला, एक धडधाकट माणूस. अज्जीने त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, त्याने तिचा हात धरायचा नाही. धरलेल्या हाताने तोल जातो, ठेवलेल्या हाताने सावरतो. काठी एक पायरी खाली टेकवून मग पाऊल. बुटांच्या नाड्या उतरण्याआधी घोट्यापाशी घट्ट करा, म्हणजे बोटं पुढे घसरत नाहीत. पाचोळा पडलेल्या फरसबंदीवर पाऊल आडवं टाकायचं. दीर घसरला तो पाचोळ्यावरच, आणि पाठीवर ओली चादर होती म्हणून लागलं नाही. सासूबाईंनी ते लगेच चादरीच्या खात्यावर जमा केलं.

चारला गावात. गरम पाण्यात मीठ घालून पाय, मग तेल. दुसरा दिवस मोकळा ठेवा, प्रवास नको. पाय खरे दुखतात ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि तेव्हा जिना उतरताना सगळं घर कठडा धरून आडवं चालतं. परतीच्या रेल्वेचं आरक्षण करताना खालचे बर्थ मिळतील तेवढे घ्या. वरच्या बर्थवर चढायला मांड्या नकार देतात.

चादर काही वाळली नाही. एक दिवस आणि दोन रात्री ती घरमालकिणीच्या अंगणात दोरीवर होती आणि तशीच ओलसर. मालकिणीने येता-जाता तिला हात लावून पाहिला होता, कडेचं विणकाम उलटून पाहिलं होतं. निघताना सासूबाईंनी ती तिथेच ठेवली. तिने आमच्या पिशवीत दोन किलो पहाडी राजमा घातला, लहान, ठिपक्यांचा. तो रात्रभर भिजत घालावा लागतो, आणि आपल्या सोलापूरच्या पाण्यात कुकरच्या आठ शिट्ट्या तरी घेतो.